माळा आवरा, पण रद्दीवाल्याला थोडं थांबवा

सोलापूरकरहो, नवरात्राची साफसफाई तोंडावर आली आहे. माळे रिकामे होतील, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेट्या उन्हात येतील आणि दरवर्षीप्रमाणे या शहराचा बराचसा इतिहास किलोच्या भावानं जाईल. म्हणून ही घाईची विनंती.

इतिहास म्हटलं की आपण चार पुतळ्यांपाशी जातो. जायलाच हवं. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाल्याचं कळलं, गिरण्या बंद पडल्या, गोळीबार झाला आणि 12 मेला इंग्रज सरकारनं शहरावर मार्शल लॉ लादला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. ही चार नावं आपल्या पोरांनाही पाठ आहेत. पण त्याच दिवसांत काम टाकून रस्त्यावर आलेले गिरणी कामगार कोण होते? त्यांची नावं चौकात नाहीत. असलीच तर तुमच्या घरात आहेत: हजेरीच्या कार्डावर, पगाराच्या पावतीवर, युनियनच्या वर्गणीच्या चिठ्ठीवर, नाहीतर खात्याच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत.

जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, सगळ्यांचे भोंगे केव्हाच थांबले. त्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. कागद एक वेळ थांबेल, ती थांबणार नाहीत. आजोबांना आज संध्याकाळीच बसवा, मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा: कोणत्या खात्यात होता, पाळी कितीची, जॉबर कसा होता, संपात घर कशावर चाललं? आजीला विसरू नका. कांड्या भरणारे हात बहुतेक बायकांचेच होते आणि त्यातल्या अनेकींचं नाव हजेरीपटावर चढलंच नाही.

पूर्व भागातल्या माग मालकांना वेगळं सांगायचं आहे. बंद शेडच्या कोपऱ्यात दोरीनं ओवलेले जकार्डचे पत्ते पडलेले असतात. एक पत्ता म्हणजे बाण्याची एक फेक. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. चादरीवरचा अख्खा मोर त्या माळेत असतो. भंगारवाल्याच्या लेखी तो पुठ्ठा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमानही आहे. पण तो मोर कागदावर पहिल्यांदा कुणी काढला, हे सांगणारा एखादाच डिझायनर उरला असेल. पत्ते मोडीत काढायच्या आधी निदान एक माळ आणि त्या नक्षीचं नाव बाजूला ठेवा.

वाचता येत नाही म्हणून कागद फेकू नका. हे शहर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत बोलतं, हिशेब मोडीतही लिहीत आलं. तुमच्याकडची तेलुगू लग्नपत्रिका किंवा मोडीतली चोपडी वाचणारा माणूस दोन गल्ल्या पलीकडे सापडेल. फोटोमागे नाव, पेठ आणि अंदाजे साल मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेन टेकवू नका. आणि हात जोडून सांगतो, लॅमिनेशन करू नका! जुना कागद त्यात एकदा अडकला की सुखरूप निघत नाही.

मूळ वस्तू देऊन टाका, असं आमचं म्हणणं नाही. मोबाईलवर स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि एक प्रत जवळच्या वाचनालयाला किंवा शाळेला द्या. वाचनालयांनीही ‘जागा नाही’ म्हणून माणूस परत पाठवू नये. वारदांनी बांधलेलं इंद्रभुवन महापालिकेच्या ताब्यात आहे. गिरणी आणि मागाच्या कागदांसाठी त्यातली एक कोरडी, कुलूपबंद खोली मिळावी, अशी मागणी आपापल्या नगरसेवकाकडे लेखी करा.

घटस्थापनेपर्यंतचे दिवस हाताशी आहेत. पेटीत काय आहे ते न बघता कुणी गठ्ठा बांधायला घेतला, तर तेवढा हात धरा.