गेटबाहेरच्या वाघाचा हिशेब

प्रति,
प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), नागपूर
आणि क्षेत्र संचालक, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, चंद्रपूर



उन्हाळ्यात ताडोबाच्या मोहर्ली आणि कोलारा गेटवर पहाटेच सफारीच्या जिप्सींची रांग लागते. नाले आटलेले, वाघ पाणवठ्यावर. साइटिंगसाठी याहून चांगले दिवस नाहीत. नेमक्या त्याच पहाटे सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावली तालुक्यांतल्या बायका टोपल्या घेऊन जंगलात शिरतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मेमध्ये तेंदूपाने. पर्यटकाला वाघ हवा असतो. खाली वाकून फुले वेचणाऱ्या बाईला तो दिसायला नको असतो.

मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

हे पत्र पर्यटनाविरुद्ध नाही. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले, 1986 मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोअरमधले, म्हणजे गाभा क्षेत्रातले, पर्यटन काही महिने थांबवले होते. ते नव्या नियमांसह पुन्हा सुरू झाले. आज आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा अशी भोवतालच्या बफर क्षेत्राचीही गेटे आहेत. गावातली पोरे गाइड झाली, जिप्सी चालवू लागली. मुलीही गाइड म्हणून पुढे आल्या. हे मोठे काम आहे आणि त्याचे श्रेय वन विभागाचे.

पण ही मिळकत गेटाभोवतीच फिरते. ताडोबात वाढलेला तरुण वाघ जागा शोधत ब्रह्मपुरी वन विभागात उतरतो. वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीतही आता वाघ आहेत. तिथल्या बहुतेक गावांजवळ ना गेट आहे, ना रिसॉर्ट, ना जिप्सी. सीटी-1 हा वाघ ऑक्टोबर 2022 मध्ये गडचिरोलीतल्या वडसा भागात जेरबंद झाला, तोवर 13 माणसांचा जीव गेला होता. वाघामुळे चंद्रपूरला नाव मिळते आणि पैसाही. त्याच वाघापायी सरपणाला जायची भीती मात्र भलत्याच गावांच्या वाट्याला येते. ही वाटणी न्याय्य नाही.

प्रवेश शुल्काचा पैसा व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जमा होतो. त्यातला ठरावीक वाटा प्रकल्पाच्या हद्दीबाहेरच्या संघर्षग्रस्त गावांना मिळावा. अखत्यारीचा प्रश्न येईल, म्हणूनच हे पत्र दोघांना आहे. पैशाचा दुसरा मार्गही आहे. स्पेनमधल्या मायोर्का बेटावर 2016 पासून पाहुण्यांकडून प्रत्येक रात्रीच्या मुक्कामामागे कर घेतला जातो. ताडोबाभोवतीच्या महागड्या रिसॉर्टांत मुक्कामाला येणाऱ्यांकडूनही असे शुल्क घेता येईल. एका सफारीसाठी हजारो रुपये मोजणाऱ्याला ते जड जाणार नाही.

त्या पैशातून करण्यासारखे बरेच आहे. मोहाखाली जाळी बांधली तर फुले वेचत तासन्‌तास वाकून बसावे लागत नाही. शेताला सौर कुंपण, घरी गॅसची भरलेली टाकी (नुसती जोडणी नव्हे), तेंदूच्या हंगामात पाने तोडणाऱ्या प्रत्येक टोळीसोबत गावचेच प्रशिक्षित, पगारी राखणदार. असे राखणदार मिळणे अवघड नाही. जंगल ओळखणारी माणसे याच गावांत आहेत.

आणि हे होईपर्यंत नवे गेट उघडू नये, जुन्या गेटांवर जिप्सी वाढवू नयेत.

येत्या मोहाच्या हंगामाआधी आपण सिंदेवाही, ब्रह्मपुरी आणि वडसा इथे ग्रामसभांसमोर बसावे, आणि पर्यटनाच्या उत्पन्नातून कोणत्या गावाला किती रक्कम गेली, ती यादी तिथेच वाचून दाखवावी.