विश्लेषण : म्युनिकचे पांढरे सॉसेज दिसते तितके हलके आहे का?

म्युनिकमध्ये सकाळी न्याहारीला गरम पाण्याच्या भांड्यातून टेबलावर येते ते ‘वाइसवुर्स्ट’, म्हणजे पांढरे सॉसेज. ना धुरावलेले, ना तळलेले. पाहणाऱ्याला ते पथ्याचे अन्न वाटते आणि इथेच फसगत होते.

पांढरे का?

बहुतेक सॉसेजचा गुलाबी रंग नायट्राइटयुक्त मिठामुळे येतो. यात साधे मीठ असते, म्हणून शिजल्यावर मांस पांढरट राहते. रंगावरून ते चिकन समजू नये. आत वासराचे मांस आणि डुकराची पाठीकडची चरबी असते. म्युनिकच्या नियमानुसार वासराचे मांस किमान ५१ टक्के हवे, चरबी ३० टक्क्यांपर्यंत चालते. दोन सॉसेज साधारण दीडशे ग्रॅमची. चरबी २५ टक्के धरली तरी एका न्याहारीत ३७ ग्रॅमच्या आसपास ती पोटात जाते. सोबतच्या ब्रेत्सेलवरचे जाडे मीठ वेगळेच.

मग खातात कशासाठी?

चवीसाठी, आणि ती खरोखर नाजूक आहे. बर्फ घालून मांस इतके बारीक वाटतात, की ते मऊसूत होते. पार्सली, लिंबाची साल, कांदा आणि आपल्या ओळखीची जायपत्री यांचा मंद सुवास त्याला असतो. उकळत्या पाण्यात टाकले तर आवरण फुटते, म्हणून ते गरम पाण्यात नुसते ठेवतात. आवरण खायचे नसते. आतला गर गोड मस्टर्डला लावून खायचा. १८५७ मध्ये एका खानावळवाल्याने ते योगायोगाने बनवले म्हणतात, पण ही गोष्ट दंतकथाच असावी.

बारा वाजायच्या आत

या सॉसेजने दुपारी बाराची घंटा ऐकू नये, असा जुना दंडक आहे. फ्रिज नव्हते, तेव्हा पहाटे केलेले ताजे सॉसेज दुपारपर्यंत खराब होई. आज ती भीती उरलेली नाही. तरी हा दंडक मोडू नये, कारण त्यामुळे हे सॉसेज न्याहारीपुरतेच राहते. जर्मन न्यूट्रिशन सोसायटीच्या २०२४ च्या शिफारशीनुसार मांस आणि सॉसेज मिळून आठवड्याला जास्तीत जास्त ३०० ग्रॅम खावे. म्हणजे एका जोडीतच निम्मा कोटा संपला! प्रक्रिया केलेले मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्येच सांगितले. त्या व्याख्येत खारवलेले मांसही येते. नायट्राइट नाही एवढ्यावर वाइसवुर्स्टची सुटका होत नाही.

पर्यटकांसाठी दिवसभर वाइसवुर्स्ट देणाऱ्या हॉटेलांपेक्षा बाराच्या ठोक्याला ते बंद करणारी जुनी खानावळ म्हणूनच बरी.