प्रकल्पवहीतला डास

सातवीच्या ‘रोगराई’ प्रकल्पात दुकानातला चित्रतक्ता कापून चिकटवायचा. गुण बहुधा आईच्या अक्षराला मिळतात. सातारा-सांगलीच्या पोरांना त्या तक्त्याची गरजच नाही. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या लेकीनं, सावित्रीबाई फुल्यांनी, १८९७च्या प्लेगात पुण्याजवळच्या मुंढव्याच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात आणलं. पोरगं वाचलं, त्यांना मात्र त्याच साथीनं १० मार्चला नेलं. इकडं मिरजेत डॉ. वानलेसांचं मिशन इस्पितळ १८९४पासून उभं होतं. प्लेगात अख्खी गावं ओस पडून माणसं माळावर झोपड्या घालून राहिली, वेशीवरच्या मरीआईला पटकीसाठी नवस झाले, हे वाडवडलांकडून ऐकलेलं आजीला ठाऊक असतं. तिचं बोलणं वहीत उतरवून घ्या. डासाचं चित्र राहिलं तरी चालेल.