शुक्रवारचे समाधानी पेशंट

गेल्या शुक्रवारी रात्री साडेदहाला मैत्रिणीचा फोन आला. शुक्रवारी रात्री इतक्या उशिरा फोन वाजला की आपण दोनच गोष्टी धरून चालतो. एक तर पार्टी, नाहीतर ब्रेक-अप! इथे दोन्ही नव्हतं.

‘अरे, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरतंय. हॉस्पिटल कुठलं बघू?’

मला हसूच आलं. कारण आमच्या या बाईसाहेब डिजिटल मार्केटिंग एजन्सीत आहेत आणि त्यांच्या क्लायंट लिस्टमध्ये दोन हॉस्पिटलं, एक डेंटल क्लिनिक आणि एक केस उगवून देणारं सेंटर आहे. म्हणजे हलवायानंच विचारायचं, पेढे कुठले चांगले!

‘मला काय विचारतेस? तुझं तर रोजचं काम आहे,’ मी म्हटलं.

‘म्हणूनच तुला विचारतेय,’ ती म्हणाली. आवाज काही नेहमीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी कॉफीवर भेटलो, तेव्हा उलगडा झाला. वर्षभरापूर्वी त्यांच्या एका हॉस्पिटल क्लायंटला पाठोपाठ पाच-सहा एक-स्टार रिव्ह्यू आले. बिलाची भांडणं, रात्री नर्सनं बेलला उत्तर दिलं नाही, असलं सगळं. क्लायंट भडकला. शुक्रवारी दुपारी चारला बॉसनं टीमला बोलावलं आणि सांगितलं, ‘प्रत्येकानं आपापल्या अकाउंटवरून दोन-तीन टाका. घरच्यांच्या अकाउंटवरूनही चालेल. सोमवारपर्यंत रेटिंग वर दिसलं पाहिजे.’ आमच्या मैत्रिणीनं लिहिलं: आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन इथे झालं, स्टाफ अगदी घरच्यासारखा, दुसऱ्या दिवशी आई चालायला लागली. त्या वेळी तिची आई साताऱ्यात टीव्हीवर सीरियल बघत बसली होती.

आता आईचं खरंच ऑपरेशन करायचंय. ही रात्री फोन घेऊन बसली, नकाशावरची हॉस्पिटलं चाळायला लागली. एका ठिकाणी ४.८ स्टार. वरचाच रिव्ह्यू: आईचं ऑपरेशन छान झालं, स्टाफ घरच्यासारखा...

‘मला कळेना रे, ही खरंच कुणाची आई आहे, की माझ्यासारखीच कुणीतरी शुक्रवारी बसून लिहिलेली आई आहे,’ ती म्हणाली. कॉफी तशीच गार झाली.

शुक्रवार तिकडेही होता

तुम्हाला वाटेल हे आपल्याकडचंच. छे! अमेरिकेत ‘लाइफस्टाइल लिफ्ट’ नावाची कंपनी होती. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या काढायचं ऑपरेशन करणारी. नेटवर तिच्याविषयी नाराज पेशंट लिहायला लागले, तेव्हा कंपनीनं आपल्याच कर्मचाऱ्यांना समाधानी ग्राहक बनवून कामाला लावलं. त्यांनी खोटे अनुभव लिहिले, तटस्थ दिसतील अशा वेबसाइटसुद्धा काढल्या. प्रकरण न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलकडे गेलं आणि जुलै २००९ मध्ये कंपनीनं ३ लाख डॉलर भरून ते मिटवलं. चौकशीत कंपनीचे आतले ई-मेल बाहेर आले. त्यातल्या एकाचा आशय काय होता माहितीये? शुक्रवारी काम कमी आहे, तेव्हा दिवसभर समाधानी ग्राहक म्हणून नेटवर लिहीत बसा!

मैत्रिणीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘म्हणजे आमच्या बॉसची आयडिया ओरिजिनलसुद्धा नव्हती.’

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशननं खोट्या रिव्ह्यूंवर सरळ बंदी घालणारा नियम २०२४ मध्ये आणला. त्यात विकत घेतलेले रिव्ह्यू आले, तसेच आपलं नातं लपवून कंपनीतल्याच माणसांनी लिहिलेलेही आले.

मिसळ आणि मेनिस्कस

मंडळी, मिसळीच्या दुकानाचा रिव्ह्यू आणि हॉस्पिटलचा रिव्ह्यू यांत फरक आहे. मिसळ आपण खाल्ली, तिखट लागली, लिहिलं ‘तिखट’. जीभ आपलीच, निकालही आपलाच. गुडघ्याच्या आत सर्जननं काय केलं, हे मात्र भूल दिलेल्या पेशंटला कसं कळणार? त्याला दिसतं ते पार्किंग, रिसेप्शनवरची वागणूक, ओपीडीत किती वेळ बसवलं, डिस्चार्जच्या दिवशी इन्शुरन्सचं अप्रूव्हल यायला संध्याकाळ कशी झाली, बिल किती फुगलं. हे सगळं खरं असतं आणि महत्त्वाचंही असतं, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण पाचपैकी पाच स्टार बघून ‘इथे ऑपरेशन चांगलं होतं’ असं आपण वाचतो, तिथे गडबड होते.

उलटही होतं. सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही असं नीट सांगून दोन दिवस आराम करायला सांगणाऱ्या डॉक्टरला एक स्टार मिळतो: ‘औषधच दिलं नाही, फी मात्र पूर्ण घेतली.’ मागाल ती गोळी लिहून देणारा लोकप्रिय. २०१२ मध्ये ‘आर्काइव्ह्ज ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या अमेरिकी नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. पन्नास हजारांहून जास्त लोकांच्या माहितीवर तो केलेला होता. डॉक्टरांवर सगळ्यात खूश असलेल्या गटाचा औषधपाण्याचा खर्च जास्त होता आणि मृत्यूचं प्रमाणही जास्त होतं! खुशीमुळे माणसं दगावली असा याचा अर्थ नाही. एवढंच कळतं की पेशंट खूश असणं आणि पेशंट बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि स्टार पहिलीच्या वाट्याला येतात.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे डॉक्टरांच्या आचारसंहितेचे नियम २००२ चे. पेशंट मिळवण्यासाठी जाहिरात करणं त्यात अनैतिक ठरवलंय. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस रजेवर जाऊन परत आलो, अशा ठरावीक गोष्टीच डॉक्टरनं जाहीर करायच्या. हो, आणि आपली फी. ती मात्र जाहीर करायला पूर्ण परवानगी आहे. नेमकी तीच फारशी कुणी करत नाही, हा भाग वेगळा!

मग ते भलेमोठे होर्डिंग कसे लागतात? कारण मेडिकल कौन्सिलचा हात नोंदणी असलेल्या डॉक्टरपर्यंत पोहोचतो, हॉस्पिटल चालवणाऱ्या कंपनीपर्यंत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं नवे नियम काढले. त्यात सोशल मीडियासाठी वेगळं प्रकरण होतं. लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नका, सर्चमध्ये वर दिसायला पैसे मोजू नका, पेशंटकडे रिव्ह्यू मागू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले. ‘आमच्या ऑफिसात त्या दिवशी समोसे मागवले होते,’ मैत्रीण म्हणाली.

ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये मानक आणलं. रिव्ह्यू लिहिणारा खरा आहे ना, हे पडताळायला हवं वगैरे त्यात आहे. पण ते ऐच्छिक म्हणून आलं. आणि ऐच्छिक म्हणजे काय, हे आपण ऑफिसच्या जिमवरून ओळखतोच.

उत्तर देतानाही जपून

रेप्युटेशन मॅनेजमेंटमध्ये आणखी एक खड्डा असतो. वाईट रिव्ह्यूला उत्तर द्यायचा. डॉक्टरही माणूसच. राग येतो आणि तो लिहून बसतो, ‘तुम्ही आधी तुमचं बिल भरा, आणि अमुक आजार तुम्ही आमच्यापासून लपवलात.’ झालं! पेशंटची गोपनीय माहिती सगळ्या गावासमोर. टेक्सासमधल्या डॅलसच्या एका डेंटल क्लिनिकनं असंच केलं. पेशंटचं आडनाव आणि तब्येतीचे तपशील उत्तरात लिहिले. २०१९ मध्ये ते प्रकरण १० हजार डॉलर भरून मिटवावं लागलं. पेशंटची गुपितं बाहेर न सांगण्याचं बंधन आपल्याकडच्या २००२ च्या नियमांतही आहेच.

मग हॉस्पिटलांनी ऑनलाइन काही करायचंच नाही का? करायचं की. ओपीडीच्या वेळा बरोबर ठेवा, फोन उचला, दर लिहा, ऑपरेशन कुणाच्या हातून होणार ते सांगा. रिव्ह्यूची लिंक द्यायची तर डिस्चार्ज घेणाऱ्या प्रत्येकाला द्या. हसत बाहेर पडणाऱ्यांनाच हेरून देऊ नका. (ही निवडानिवड गूगलच्या नियमांतही बसत नाही.) टीका आली, तर तब्येतीबद्दल एक अक्षर न लिहिता तक्रार निवारणाचा नंबर द्या आणि आत जाऊन बघा, रात्री नर्स खरंच का आली नाही. त्या वॉर्डात एकच नर्स असेल, तर ते काम मार्केटिंगचं नाहीच. आणखी एक नर्स नेमा!

मग पुढे काय झालं?

मैत्रिणीनं त्याच रात्री आपले तिन्ही खोटे रिव्ह्यू उडवले. सोमवारी बॉसला सांगितलं, यापुढे मी असलं लिहिणार नाही, त्याऐवजी सगळ्या पेशंटना लिंक देऊ. बॉस म्हणाला, ‘एवढा इश्यू कशाला करतेस? सगळेच करतात.’ ती म्हणाली, ‘सगळेच करतात म्हणूनच मला माझ्या आईसाठी हॉस्पिटल सापडत नाहीये, सर.’ त्यावर बॉस काही बोलला नाही. त्याचेही आई-वडील सत्तरीचे आहेत. क्लायंटसमोर नवा प्लॅन पुढच्या आठवड्यात जाणार आहे. टिकेल का, माहीत नाही. अप्रेजल महिन्यावर आलंय, आणि ती धास्तावलेली आहे हे मला दिसतंय.

आणि आई? काकूंनी नेटकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांच्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचे दोन्ही गुडघे झालेत आणि त्या रोज जिना उतरून भाजीला जातात. काकू त्यांच्याकडे जाऊन तासभर बसून आल्या. येताना सर्जनचं नाव, फिजिओथेरपीचा त्रास, बिलातल्या दोन गमती आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी एवढं घेऊन आल्या. एका आजींवरून निकाल लावू नये, हे खरंच. पण निदान त्या आजी आहेत याची खात्री आहे, त्यांचे गुडघे समोर दिसतात!

त्यानंतर दोघी मायलेकी दोन सर्जनना भेटल्या. पहिल्यांनी पाच मिनिटांत तारीख दिली. दुसऱ्यांनी एक्स-रे बघून सांगितलं, ‘तीन महिने व्यायाम आणि वजन कमी करून बघू या, मग ठरवू.’ त्या दुसऱ्या डॉक्टरांचं रेटिंग ३.९ आहे. वरचाच रिव्ह्यू म्हणतो, फार वेळ बसवतात. काकू म्हणाल्या, ‘बसवतात खरं. माझ्याशीही पाऊण तास बोलत बसले.’ सध्या काकू सकाळी व्यायाम करतायत आणि कुरकुरतायत.

हॉस्पिटल निवडताना

• सरासरी स्टार बघून थांबू नका. दोन आणि तीन स्टारवाले रिव्ह्यू वाचा. खरी माहिती बहुतेक वेळा तिथे असते.

• एकाच आठवड्यात आलेले, एकाच भाषेतले, ‘बेस्ट हॉस्पिटल’ म्हणणारे वीस रिव्ह्यू दिसले, तर शुक्रवार आठवा.

• एकच तक्रार वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या माणसांकडून आली असेल, तर ती गंभीरपणे घ्या.

• डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासा. नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर असायलाच हवा.

• हॉस्पिटलला ‘एनएबीएच’ मान्यता आहे असं बोर्ड सांगतो? त्यांच्या वेबसाइटवरच्या यादीत बघा.

• सर्जनना विचारा: असं ऑपरेशन वर्षाला किती करता? माझं स्वतः तुम्हीच करणार का? गुंतागुंत झाली तर काय? केलंच नाही तर काय?

• एस्टिमेट लेखी घ्या, इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून घ्या. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर केंद्रानं ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली.

• राज्याच्या २०२१ मधल्या सुधारित नियमांनुसार खासगी हॉस्पिटलनं रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावायला हवं. भिंतीवर शोधा, दिसलं नाही तर विचारा.

• आणि स्वतः रिव्ह्यू लिहाल तेव्हा फक्त आपल्यावर गुजरलेलं लिहा. तुमचा ‘मस्त!’ वाचून कुणीतरी आपल्या आईला तिथे घेऊन जाणार असतं.