आजोळचा मळा

आखाजीला खानदेशातील लेकी माहेरी येतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही आजोळी येतात. नशिराबादच्या मळ्यात मग भावंडांचा मेळा जमतो. त्यांनी आंबे खावेत, झोके घ्यावेत, हे योग्यच. पण तेवढे करून परतणे मला पुरेसे वाटत नाही.

एके दिवशी पहाटे मुलांनी आजोबांबरोबर केळीच्या बागेत जावे. केळ एकदाच घड देते; पुढे तिच्या बुंध्याशी फुटलेला कोंब वाढतो. घड हाती येण्यास सुमारे वर्ष लागते. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पाणी चुकले की बाग कोमेजते आणि एका वादळाने वर्षाचे कष्ट आडवे होतात. हे ज्याने पाहिले, तो पानात अन्न टाकणार नाही.

जवळच्याच आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या. शेत आणि घर हीच त्यांची शाळा. त्यांची गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

मुलांनो, आजोळी पाहुणे म्हणून अवश्य जा. पण एक दिवस तरी घरचे होऊन राबा. धाकट्या भावंडाला सावलीत बसवा आणि आजोबांना पाण्याचा तांब्या नेऊन द्या.