एल्फांच्या मंत्राचे मोल

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात ‘एल्फ’ होण्यासाठी मुलांत चढाओढ का लागते, हे नियम पाहिले की उमगते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा अमेरिकन खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. चार मित्र मेजाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो, एक जण सूत्रधार होऊन कथा पुढे नेतो आणि वादाचा निकाल फासा देतो. एल्फ म्हणजे युरोपीय दंतकथांतील दीर्घायुषी वनवासी. आपल्या यक्षगंधर्वांचे दूरचे सोयरेच म्हणा ना!

या खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत मंत्र कर्णाच्या वासवी शक्तीसारखा असे. एकदा सोडला की गेला. पुन्हा हवा तर विश्रांतीनंतर नव्याने पाठ करावा लागे. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांतून आली. मानवी मांत्रिकाला तर तेव्हा चिलखतही वर्ज्य असे. एल्फाला मात्र १९८१च्या आवृत्तीत चिलखत, तलवार आणि मंत्र ही तिन्ही लाभली. मग योद्धा झालेल्या मुलाने काय करावे? मित्राचा पराक्रम पाहत बसावे?

नियमकर्त्यांना ही अडचण ठाऊक होती. १९७४ साली एल्फाने प्रत्येक मोहिमेपूर्वी योद्धा व्हायचे की मांत्रिक, हे ठरवावयाचे होते; शिवाय योद्धा म्हणून चौथ्या आणि मांत्रिक म्हणून आठव्या पायरीवर त्याची वाट खुंटे. १९८१ साली दुसऱ्या पायरीसाठी योद्ध्याला २,०००, मांत्रिकाला २,५०० आणि एल्फाला ४,००० अनुभवगुण लागत. दोन्ही विद्यांची बेरीज ४,५००. म्हणजे सौदा एल्फाला किंचित स्वस्तच पडे! तरीही हा मार्ग मला न्याय्य वाटतो, कारण मोल पहिल्या दिवसापासून चुकवावे लागते. दहाव्या पायरीची मर्यादा मात्र व्यर्थ. बहुतेक मंडळींचा खेळ तिथवर पोहोचण्याआधीच मोडतो, आणि जे पोहोचतात त्यांना इतक्या निष्ठेचे फळ म्हणून बंद दार दिसते. २००० सालच्या आवृत्तीने अशा मर्यादा काढून टाकल्या, हे योग्यच झाले.

स्वतःचे नियम रचणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. ज्याला शतकांचे आयुष्य आहे, त्याची विद्या संथ असावी. एल्फाचा मंत्र मोठा असो, पण तो पुरा होण्यास फाशाच्या तीन फेऱ्या लागाव्यात, आणि मध्येच घाव बसला तर तो वाया जावा. मग योद्ध्याला त्याच्यापुढे ढाल धरून उभे राहावे लागेल, आणि त्या तीन फेऱ्या मेजावरचे सारेच श्वास रोखून बसतील. निद्रामंत्राला तर ही अट हवीच. पहिल्याच पायरीवर शत्रूंची टोळीच्या टोळी झोपवणारा हा मंत्र क्षणात साधू दिला, तर बाकीच्यांनी फासे पिशवीत भरून घरी जावे हे बरे.