वक्रतेचे गणित आणि दूरचे शिखर

निरीक्षकाच्या पायाशी पृथ्वीला स्पर्श करणारी एक सरळ रेषा कल्पून ती पुढे वाढविली, तर भूपृष्ठ तिच्यापासून किती खाली जाते? अंतराच्या वर्गास पृथ्वीच्या व्यासाने, म्हणजे सुमारे 12,742 किलोमीटरांनी, भागावे. एक किलोमीटरवर हा उतार जेमतेम 8 सेंटीमीटर येतो, 10 किलोमीटरवर सुमारे 7.85 मीटर आणि 100 किलोमीटरवर 785 मीटर. अंतर दसपट झाले की उतार शतपट होतो. (हजारो किलोमीटरांच्या अंतरास हा सोपा नियम पुरत नाही, हे येथेच सांगितलेले बरे.)

एवढ्यावरच धडा संपविणे आम्हांस सदोष वाटते. दृष्टीचा किरण सरळ जातो, असे या सूत्राचा उपयोग करताना आपण गृहीत धरतो. परंतु खालची हवा दाट व वरची विरळ असल्याने तो किंचित वाकतो आणि दूरची वस्तू आहे त्याहून उंच भासते. सामान्यतः वक्रतेच्या परिणामाचा सुमारे एक-सप्तमांश भाग या वक्रीभवनाने भरून निघतो.

ही बाब क्षुल्लक नव्हे. एव्हरेस्ट शिखराचे वेध 1849-50 साली जेम्स निकोल्सन यांनी बिहारच्या मैदानातून घेतले, कारण नेपाळात सर्वेक्षकांना प्रवेश नव्हता. शिखर 170 किलोमीटरांहूनही दूर होते. 175 किलोमीटर अंतर धरले, तर उतार 2,400 मीटर भरतो, म्हणजे शिखराच्या उंचीच्या चतुर्थांशाहून अधिक! वक्रता विसरली असती, तर पर्वत तेवढा ठेंगणा ठरला असता. वक्रता धरून वक्रीभवन विसरले असते, तर तीनशे मीटरांहून अधिक उंच. राधानाथ सिकदार आदी गणकांचे श्रम बहुतांशी अशा दुरुस्त्यांसाठीच खर्ची पडले. 1856 मध्ये प्रसिद्ध झालेली उंची 29,002 फूट, म्हणजे सुमारे 8,840 मीटर होती. 2020 साली नेपाळ व चीन यांनी 8,848.86 मीटर जाहीर केली.

वक्रीभवन दिवसभर सारखे नसते. पहाटे ते अधिक व चंचल असते, दुपारी कमी व स्थिर. म्हणून सर्वेक्षक उंचीचे कोन दुपारी मोजत. हा फरक विद्यार्थ्यांनी स्वतः पाहावा. शाळेच्या गच्चीवरून एखाद्या दूरच्या टेकडीचा कोन पहाटे व दुपारी मोजावा. साध्या कोनमापकाने तो हाती लागणार नाही, थिओडोलाइट लागेल. पण जवळच्या अभियांत्रिकी विद्यालयाकडून तो एका दिवसापुरता मागून आणण्यास कोणती अडचण आहे?